गणिताचे डॉक्टर, कापसाचे मुकादम

१/
१९२५ च्या उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या एका टोळीवर नवा मुकादम आला. वय पंचवीस. शेत त्याच्याच ओळखीच्या हिंदी मित्रांचे. मुकादमाला हिशेब पक्का ठेवावा लागतो, आणि या मुकादमाच्या हिशेबाविषयी कोणी शंका घ्यावी असे काही नव्हते. आदल्याच वर्षी त्याने बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली होती.

२/
त्या तरुणाचे नाव दलीपसिंग सौंद. १९५६ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेले आशियाई वंशाचे पहिले सदस्य म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा त्या विजयापासूनच आरंभ करतात. या धाग्यात आपण त्याआधीचा एक प्रश्न विचारू. नामांकित विद्यापीठाची सर्वोच्च पदवी हाती असलेल्या परदेशी तरुणाला त्याच राज्यात आपल्या विद्येचे काम का मिळू नये? याचे उत्तर त्यांच्या गुणपत्रिकेत नाही. ते शोधण्यासाठी अमेरिकेचे कायदे उघडावे लागतात.

३/
सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवाडी या गावी झाला. आईवडिलांना अक्षरओळख नव्हती; पण ठेकेदारीतून घरात सुबत्ता आली होती आणि मुलांनी शिकावे अशी घराची इच्छा होती. जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात शिकून त्यांनी १९१९ मध्ये पंजाब विद्यापीठाची गणिताची पदवी घेतली. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. राज्यकर्त्यांविषयीचा सारा भ्रम गळून पडावा असे ते वर्ष होते.

४/
१९२० साली ते अमेरिकेस निघाले. घरच्यांना दिलेला शब्द असा होता की फळे डबाबंद करून टिकवण्याची विद्या शिकायची, काही वर्षांत परत यायचे आणि स्वदेशात तो धंदा उभारायचा. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या तरुणाचा हा शब्द आजही अनेक घरांत ऐकू येतो. तो देताना कोणी खोटे बोलत नसतो. माणूस बदलतो, देश बदलतो आणि मग शब्दाचा अर्थही बदलत जातो.

५/
पण ते अमेरिकेत शिरू तरी कसे शकले? १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाच्या मोठ्या भागाभोवती ‘निषिद्ध पट्टा’ आखला होता आणि हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. मजूर म्हणून येणाऱ्याला दार बंद झाले. विद्यार्थ्यांना मात्र सवलत ठेवलेली होती. म्हणजे या तरुणाने येथे शिकावे याला कायद्याची हरकत नव्हती. शिकून झाल्यावर त्याने येथे काय करावे, या प्रश्नावर मात्र कायद्याने त्याच्यासाठी कोणतीही वाट आखलेली नव्हती.

६/
बर्कलीत त्यांना निवारा दिला तो आपल्याच माणसांनी. स्टॉकटन येथे १९१२ मध्ये गुरुद्वारा स्थापन झाला होता. शेतांत आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांच्या पैशावर तो चाले. याच गुरुद्वाऱ्याने बर्कलीत हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक घर चालवले होते आणि तेथे राहण्याचे भाडे घेतले जात नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सौंद फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत काम करून पुढच्या वर्षाचा खर्च जमवीत. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या कित्येकांच्या घामातून हे उच्चशिक्षण उभे राहिले, हे विसरू नये.

७/
नाव कृषी विभागात घातले होते, पण मन जुन्या विषयाकडेच ओढत होते. ते गणिताकडे वळले. १९२२ मध्ये एम.ए. आणि १९२४ मध्ये पीएच.डी. असे दोन टप्पे त्यांनी चार वर्षांत पार केले. सार्वजनिक सभांतून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणे हेही सोबत चालू होते. लिंकन आणि विल्सन यांच्या भाषणांनी हा तरुण भारावला होता. आपण येथेच राहावे, असे त्याला वाटू लागले होते. नेमक्या याच काळात वॉशिंग्टनमध्ये त्याच्या भवितव्याचा निकाल लागला होता, आणि त्या खटल्यात तो पक्षकारही नव्हता.

८/
येथे थोडे मागे जाऊ. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’लाच नागरिक होता येई. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ही मुभा मिळाली. आशियाई माणूस मध्येच अडकला. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, जपानी माणूस त्यात बसत नाही, असे कारण देण्यात आले. निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिला होता.

९/
तेव्हाचे वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियन गटात धरी. साहजिकच भगतसिंग थिंड यांच्या आशा वाढल्या. तेही अमृतसर जिल्ह्याचेच, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायमूर्तींनी वेगळाच मापदंड लावला. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल आला. जपानी माणसाला शास्त्राचे कारण सांगून नाकारले गेले, आणि अवघ्या तीन महिन्यांनी हिंदी माणसासाठी ते शास्त्रच गैरलागू ठरले.

१०/
या खटल्याची एक बाजू आपण डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. वंशभेद अन्याय्य आहे, असे थिंड यांच्या बाजूने म्हटले गेले नव्हते. आपण उच्चवर्णीय आहोत, आपल्या रक्तात मिसळ नाही, म्हणून आपल्याला गोऱ्यांत धरावे, असा तो युक्तिवाद होता. जातीचा अभिमान साता समुद्रांपलीकडे न्यायालयात पुरावा म्हणून ठेवला गेला. भिंत पाडण्याचा विचार कोणी केला नाही. भिंतीच्या आतल्या बाजूस आपल्याला जागा मिळावी, एवढीच मागणी होती.

११/
आणि ही भिंत स्वदेशातही होतीच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ओळख लपवून पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. एकाला परक्या देशात पदवी असून काम नव्हते. दुसऱ्याला स्वदेशात पदवी आणि नोकरी दोन्ही असून छप्पर नव्हते. दोघांच्याही विद्येत काही उणे नव्हते.

१२/
थिंड निकालाचा परिणाम केवळ मतदानाच्या हक्कापुरता राहिला नाही. ‘नागरिकत्वास अपात्र परकीय’ असा एक शिक्का तयार झाला आणि अनेक कायदे त्या शिक्क्याला जोडलेले होते. कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२० च्या जमीन कायद्यांनुसार अशा माणसाला शेतजमीन विकत घेता येत नसे, खंडानेही करता येत नसे. वकिलीसारख्या व्यवसायांत अनेक राज्ये नागरिकत्वाची अट घालीत. जेथे कायदा गप्प होता, तेथे आशियाई माणसाविषयीचा पूर्वग्रह तेच काम करीत होता.

१३/
न्यायालयात थिंड यांची बाजू मांडणाऱ्यांत एक नाव होते सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसचे हे वकील १९१४ मध्येच अमेरिकेचे नागरिक झाले होते. अशिलाचा खटला हरल्यावर सरकार वकिलाच्याच नागरिकत्वावर उठले. पंडित यांनी स्वतःसाठी वेगळा मुद्दा घेतला. सक्षम न्यायालयाने एकदा दिलेला आणि मुदतीत आव्हान न दिलेला निकाल पुन्हा उकरून काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद ऐकण्यास नकार दिला. पंडित यांचे नागरिकत्व टिकले.

१४/
सर्वांना असे वकिली डोके लाभत नाही. वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस आले होते. दुकान थाटले, नागरिकत्व मिळवले. थिंड निकालानंतर ते नागरिकत्व काढून घेण्यात आले. एका देशाचे प्रजाजन राहिले नव्हते आणि दुसऱ्याने नाकारले होते. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कायद्याच्या एका शब्दाची किंमत किती असू शकते, हे समजून घेण्यासाठी हे एक उदाहरण पुरे आहे.

१५/
आता सौंद यांच्याकडे परत येऊ. पदवी हाती आली तेव्हा हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे, त्याचा आशय असा: आपल्या देशाच्या माणसाला त्या राज्यात संधी फारशी नाही हे आपण जाणून होतो, आणि उपजीविकेचा मार्ग म्हणजे शेती करणाऱ्या देशबांधवांत जाऊन मिळणे. या सांगण्यात तक्रारीचा सूर नाही. तरीही थांबून विचार करावा असे ते आहे. गणिताच्या डॉक्टरला रोजगाराचा पत्ता विद्यापीठाने दिला नाही. तो शेतात राबणाऱ्या देशबांधवांनी दिला.

१६/
हे अटळ होते का? ज्या १९२४ मध्ये सौंद डॉक्टर झाले, त्याच वर्षी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेला होता. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला आपली शेती नव्याने उभारायची होती आणि त्यासाठी जाणकार हवे होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आली. एका देशाने हिंदी पदवीधराला नाकारले आणि त्याच्या शेजारच्या देशाने दुसऱ्याला कामाला लावले. म्हणजे प्रश्न पदवीचा नव्हता. कोणत्या देशाला कोण हवे आहे, याचा तो प्रश्न होता.

१७/
इम्पीरियल व्हॅली म्हणजे मेक्सिकोच्या सीमेलगतचे वाळवंट. बराचसा भाग समुद्रसपाटीखाली, उन्हाळा भाजून काढणारा, आणि कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून फुलवलेली शेती. येथे सौंद मुकादमाचे शेतकरी झाले आणि लेट्यूससारखी पिके घेऊ लागले. पण जमिनीच्या कागदावर अशा माणसाचे नाव चालत नसे. तेथील हिंदी शेतकरी अमेरिकन मित्रांच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावाने व्यवहार करीत. कसायचे एकाने, नाव दुसऱ्याचे. सारे विश्वासावर, कारण न्यायालयात दाद मागायची सोय नव्हती.

१८/
१९२८ मध्ये त्यांनी मॅरियन कोसा यांच्याशी विवाह केला. त्या वेळच्या कायद्यात एक विलक्षण कलम होते. नागरिकत्वास अपात्र परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेही नागरिकत्व गमावी. हे कलम १९३१ मध्ये रद्द झाले. पतीला बाहेर ठेवणारा शिक्का अशा रीतीने पत्नीच्या कपाळावरही उमटत होता. तरुण पदवीधराची नोकरी, त्याची जमीन, त्याचा संसार ही आपल्याला वेगवेगळी प्रकरणे वाटतात. कायद्याने ती सारी एकाच दोरीत ओवली होती.

१९/
शेती करतानाही लेखणी थांबली नाही. कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या १९२७ च्या पुस्तकाने अमेरिकेत हिंदुस्थानची प्रतिमा काळवंडली होती. स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याच्या सांगण्यावरून सौंद यांनी १९३० मध्ये ‘माय मदर इंडिया’ लिहून उत्तर दिले. ज्यांनी विद्यार्थिदशेत छप्पर दिले, त्यांच्यासाठी हा विद्वान आता लिहीत होता. पुढे महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि ते कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आले असते, पण त्यांनी तसे केले नाही. वर्षानुवर्षे राबून देणी फेडली.

२०/
एकट्याच्या कर्तबगारीने जे दार उघडेना, ते उघडण्यासाठी संघटना लागली. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका’ उभी राहिली आणि सौंद तिचे पहिले अध्यक्ष झाले. न्यूयॉर्कमध्ये व्यापारी जे. जे. सिंग हेच काम पुढे नेत होते. काळही अनुकूल होत होता. चीन युद्धातील मित्र म्हणून १९४३ मध्ये चिनी लोकांवरील बंदी उठली होती. हिंदी सैनिक मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढत होते आणि हिंदुस्थान स्वतंत्र होणार हे दिसू लागले होते.

२१/
२ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकेत राहणाऱ्या हिंदी लोकांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. नव्याने येणाऱ्यांसाठी मात्र वर्षाला फक्त १०० जागा. दार उघडले, पण फटीएवढेच. डिसेंबर १९४९ मध्ये सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. पीएच.डी. मिळाल्यापासून या दिवसापर्यंत २५ वर्षे गेली होती. पंचविशीत मुकादमी पत्करणारा तरुण आता पन्नाशीत होता.

२२/
पुढचा भाग अनेकांना ठाऊक असतो. १९५० मध्ये वेस्टमोरलंडच्या मतदारांनी त्यांना न्यायाधीश म्हणून निवडले, पण नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झाले नव्हते म्हणून पद नाकारले गेले. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. १९५६ मध्ये प्रख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव करून ते प्रतिनिधिगृहात पोहोचले आणि तीनदा निवडून आले. १९६२ मध्ये पक्षाघाताने त्यांचे राजकीय जीवन संपवले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

२३/
ही कथा सहसा ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या चालीवर सांगितली जाते. प्रयत्न होतेच, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण मग जमाखर्चाची दुसरी बाजूही लिहावी. ज्या गणितासाठी त्यांनी घरचा शब्द बाजूला ठेवला, त्या गणितात त्यांना कधीही उपजीविका मिळाली नाही. जे प्राध्यापक सौंद होऊ शकले असते, ते कोणत्याच वर्गात उभे राहिले नाहीत. त्यांच्या हातून कोणते विद्यार्थी घडले असते, हे कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. काँग्रेसमधील खुर्चीने ते नुकसान भरून निघाले असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही.

२४/
आज परदेशात शिकून नोकरी शोधणारे मराठी तरुण अर्ज करतात, नकार घेतात आणि रात्री स्वतःच्या गुणपत्रिकेत दोष शोधत बसतात. कधी दोष तेथे असतोही. परंतु अनेकदा नकार लिहिणारा हात कंपनीचा असला, तरी मजकूर कायद्याने आधीच ठरवलेला असतो. सौंद यांना हे पंचविशीतच कळले होते. म्हणून त्यांनी स्वतःला कमी लेखले नाही. मिळाले ते काम केले, देणी फेडली, आणि वीस वर्षांनी तो कायदाच बदलायला लावणाऱ्यांत ते होते. दार पुढच्यांसाठी उघडले. स्वतःचे गणित मात्र बर्कलीतच राहिले.

(धागा समाप्त.)